वरच्या डाव्या सुळ्याला पटाशी लावू नये

मी, सुताराची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, दंतमहाविद्यालयात शरीररचना शिकवणारी, वय सत्तावीस, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी माझ्या खालच्या जबड्यातली गाठ काढणार आहेत. ती कोणत्या रक्तवाहिनीला टेकली आहे, हा भाग मी स्वतःच वर्गात शिकवते. त्यामुळे धोका मला कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

१. माझी सायकल आणि पुस्तकं धाकट्या बहिणीला. सायकल लगेच, पुस्तकं वाचणार असेल तरच.

२. ‘पोरीला दात मोजायला कॉलेजात कशाला घालतोस?’ असं बाबांना विचारणाऱ्या काकांना माझ्या पदवीची फ्रेम. त्यांनी ती बैठकीत लावावी. त्यांच्या कवळीचं माप मीच घेतलं होतं, हेही पाहुण्यांना सांगावं.

३. लाकडी जबडा. माझी खरी मालमत्ता हीच.

मी शाळेत असताना महाविद्यालयाने बाबांना वर्गासाठी हातभर लांबीचा, प्रत्येक दात सुटा निघेल असा जबडा करायला सांगितलं. दिलेल्या चित्रातली मुळं तेवढी बाबांना कळली, दातांची ठेवण कळेना. त्यांनी आईलाच खिडकीपाशी बसवून तोंड उघडायला लावलं.

“अजून किती वेळ? माशा जातील तोंडात!”

“बोलू नकोस गं, दाढ हलते.”

प्राध्यापकांनी जबडा परत पाठवला. वरचा डावा सुळा वळलेला होता. बाबा चकित झाले. सगळ्यांचा तसाच असतो, असं त्यांना वाटत होतं. आयुष्यात त्यांनी एकच तोंड इतकं निरखलं होतं.

सरळ सुळ्याचा दुसरा जबडा कॉलेजात गेला, पहिला घरी राहिला. त्यावर मी शिकले. वरची दाढ उपसून तळहातावर घेतली की तिची तीन मुळं मी आजही फिरवून फिरवून पाहते. जे जन्मभर कोणाला दिसत नाही, तेही इतकं नेटकं! दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई हातातलं काम सोडून म्हणाली, “म्हणजे मी जेवत होते नि तुझे दात बनत होते? मला कोणी सांगितलंच नाही!”

आई जाऊन तीन वर्षं झाली. सुळा दिसेल म्हणून ती एकाही फोटोत हसलेली नाही.

जबडा महाविद्यालयाला द्यावा, आहे तसा. बाबा जबडा नि पटाशी घेऊनच इथे आलेत. म्हणतात, “द्यायचाच तर सरळ करून देतो, दहा मिनिटांचं काम.” त्यांनी ते करू नये.

४. मी न वाचल्यास देह त्याच विभागाला. विद्यार्थ्यांनी आधी लाकडी जबडा पाहावा, मग माझा. वरचा डावा सुळा दोन्हीकडे सारखाच वळलेला आढळेल.

५. वाचले तर जबडा मी स्वतः वर्गात नेईन.

हे सर्व बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग पटाशी पिशवीत टाकून म्हणाले, “निदान पॉलिश तरी करू दे.”

पॉलिशला माझी हरकत नाही.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर (सही) २. महाविद्यालयाचे ग्रंथपाल (सही)
स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार