सतरा सप्टेंबरची जिलेबी

लोहा, १७ सप्टेंबर

चंद्रकला,

तू गेल्यापासून घरात गोड केलेलं नाही. पोळ्याला पुरण शिजलं नाही, गणपतीही बसवला नाही. वर्ष सरेपर्यंत सण करायचा नसतो, म्हणून मीच सुनेला तसं सांगून ठेवलं आहे.

आज मराठवाडा मुक्तिदिन. आपल्याला दोनदा स्वातंत्र्य, म्हणून दोनदा जिलेबी, असं तू म्हणायचीस. पंधरा ऑगस्टला आणली नव्हती. आजही झेंडावंदन करून तसाच परत आलो. ऋतुजानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली. नात तुझ्यावरच गेली आहे, हट्ट करत नाही.

तेवढ्यात शेजारच्या सुलतानबी पुडा घेऊन आल्या. सूनबाई आरती दारातच म्हणाली, "चाची, आमचं वर्ष व्हायचंय अजून. मामा घेणार न्हाईत."

"अगं, हा सण काय देवाचा हाय का? सरकारचा हाय. सरकारला कुठलं सुतक?" मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, दर साली चंद्रकला मला पुडा द्यायची. यंदा उलटा आला समजा. लेकराला तरी खाऊ द्या."

मी ऋतुजाला हाक मारली. तिनं पहिली जिलेबी मलाच भरवली. अजून गरम होती.

दुसरीसाठी हात पुढे केला आणि सवयीनं थांबलो. "बस करा, शुगर वाढंल," असं कुणीच म्हणालं नाही.

मग घेतलीच नाही.

तुझं ऐकणारा,
किशन