तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

प्रिय बोर्गहिल्डताई,

तुला वाकून नमस्कार, आणि कार्मिन भावजींना लांबूनच (जवळ गेलं की ते मिठी मारतात, आणि आपल्याकडच्या माणसाला त्यातून सावरायला दुपार लागते). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींची छातीतली जळजळ थांबली का, की टोमॅटोशिवाय अजून घास उतरत नाही? आम्ही इथे मिनेसोटात बरे आहोत. थंडी यंदा लवकर येणार असं सगळे म्हणतात. दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी ती येते.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की त्या फिरत्या घराचं काय ठरलं. ठरलं. घ्यायचं नाही असं ठरलं, आणि आम्ही दोघं अगदी समाधानात आहोत. आर्डिस म्हणाली, "ताईंना सगळं खरं लिही, उगाच काळजी करत बसतील." म्हणून सगळं लिहितो. ती शेजारीच विणत बसली आहे आणि लिहून झालं की वाचणार आहे.

न्यूयॉर्कला तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता, तेव्हा तुला फिफ्थ व्हील म्हणजे काय ते बहुतेक ठाऊक नसेल. गाडीमागे बांधून ओढायचं घरच ते, पण साध्या ट्रेलरसारखं मागच्या बंपरला अडकवत नाहीत. त्याची मान पिकअपच्या हौद्यात येते आणि तिथे बसवलेल्या जाडजूड लोखंडी जोडात अडकते. त्यामुळे वाऱ्यात डुलत नाही. मानेवरच्या भागात झोपायची खोली, दोन पायऱ्या उतरलं की स्वयंपाकघर. मला असल्या गोष्टींचा कधी सोस नव्हता. पण सॉल्व्हेगला जानेवारीत बाळ होणार आहे, आणि ती पडली तिकडे न्यू मेक्सिकोत, दोन खोल्यांच्या घरात. मागे आर्डिस तिच्याकडे राहून आली तेव्हा मायलेकी एकाच चुलीपाशी आल्या आणि परत आल्यावर आर्डिस बराच काळ लेकीबद्दल फार आदराने बोलत होती. (त्यावरून काय ते समज.) म्हणून तिच्या मनाने घेतलं की आपलं घर लेकीच्या अंगणात उभं करायचं. हिवाळाभर नातवंड मांडीवर, आणि संध्याकाळी आपल्या दाराला आपली कडी. आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच मोठी गोष्ट. मागितली म्हणजे काय, एकदा भांडी पुसताना म्हणाली, "असं काही असतं तर वाईट नसतं." आमच्याकडे याहून मोठ्याने कुणी काही मागत नाही.

तर ऑगस्टात तळ्याकाठी फिरती घरं उभी करायचा तळ आहे, तिथे लुइझियानाचं एक जोडपं उतरलं होतं, ब्रूसार्ड. आल्सीद ब्रूसार्डच्या डोळ्यांत काहीतरी उतरल्यामुळे डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं, आणि बायको, डेल्फीन, एवढं मोठं धूड ओढायला तयार नव्हती. मुलगा न्यायला येणार होता, त्याआधी ते घर विकायचं होतं. आम्ही बघायला गेलो. आर्डिसने सोबत आपला बिस्किटं भाजायचा पत्रा घेतला होता, तिथल्या भट्टीत मावतो का बघायला. मी कोट-टोपीसकट संडासात बसून दार लावून घेतलं आणि गुडघे दाराला लागतात का ते पाहिलं. (लागत नाहीत.) न्हाणीत कपड्यांनिशी उभा राहून डोकं धुतल्यासारखं केलं. मग मधोमध उभा राहून मी उड्या मारल्या. ताई, दिवासुद्धा हलला नाही. खरं मेपलचं लाकूड, काचा दुहेरी, भिंती इतक्या जाड की बाहेर डेल्फीन नवऱ्याला काहीतरी सुनावत होती ते ओठांवरूनच कळत होतं. खाली सरपटत जाऊन सांगाडा बघितला, गंजाचा ठिपका नाही. वर आलो तर आर्डिस भट्टीपाशी उभी. पत्रा आत बसला होता आणि ती तो बाहेर काढत नव्हती.

तेवढ्यात डेल्फीन आत आली आणि म्हणाली, "आवडलं ना? मग तुम्हीच घ्या." किंमतही तिने रास्तच सांगितली. मी काय म्हणालो असेन ते तुला सांगायला नको. मी म्हणालो, छे छे, आमच्यासाठी कशाला त्रास घेता.

आता यात चूक कुठे आहे ते मला कुणी दाखवावं. पाद्र्यांच्या घरी पहिल्याच खेपेला तू लिंबाचा केक उचललास तेव्हा आईने परतीच्या वाटेवर तुला काय काय ऐकवलं होतं ते मी गाडीत मागे बसून ऐकलं आहे. पहिल्यांदा विचारलं की नको. दुसऱ्यांदा विचारलं की खरंच नको. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर अगदी लहानसा तुकडा.' कॉफी असो, केक असो, शेजाऱ्याने बर्फातून गाडी ओढून काढणं असो, माणसाने असंच वागायचं. आर्डिसलाही मी याच पद्धतीने मागणी घातली. (तिसऱ्या खेपेला ती 'चालेल' म्हणाली, आणि दोघांच्याही घरी हिच्या मोकळ्या स्वभावाची चर्चा झाली.) त्यामुळे मी नको म्हणालो तेव्हा आर्डिसच्या चेहऱ्यावर हसू होतं. पहिली पायरी नीट पार पडली म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॉफीला डेल्फीनने पुन्हा विचारलं. "अहो, खरंच नको? तुमच्या बाईसाहेबांचा जीव जडलाय त्या भट्टीवर." मी म्हणालो, नाही हो, एवढं उंची घर आमच्यासारख्यांना कुठे शोभतं. ती म्हणाली, "बरं, नको तर नको," आणि कप उचलून आत गेली. मला वाटलं, काय सभ्य बाई आहे, तिसऱ्या खेपेआधी माणसाला जरा श्वास घेऊ देते. घरी येताना आर्डिस गाडीत चक्क गुणगुणत होती. मी तसाच एल्रॉयच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो आणि पिकअपच्या हौद्यात तो लोखंडी जोड बसवून घेतला. एल्रॉयने विचारलं, घेतलं का? म्हटलं, जवळजवळ.

मग आम्ही वाट बघितली. घाई करणं बरं दिसलं नसतं. मध्ये तळावर जाणंही बरं दिसलं नसतं, कारण आग्रह मागायला आल्यासारखं वाटलं असतं. शेवटी आर्डिसने रुबार्बचा मुरंबा दिला आणि मी तो पोचवायच्या निमित्ताने गेलो. आल्सीदशी मासे, पाऊस, त्यांच्याकडचे मासे, त्यांच्याकडचा पाऊस असं सगळं बोलून झालं. कुणी विचारेना. तेव्हा मी छपराकडे बघून म्हणालो, घर अजून इथेच दिसतंय. डेल्फीन म्हणाली, आज जाईल, काल संध्याकाळी विकलं. आयोवाचा कुणी हूकस्ट्रा म्हणून आला, दारात उभा राहिला आणि टोपी काढायच्या आत म्हणाला, घेतो. खण उघडून बघितले नाहीत. एक उडीसुद्धा मारली नाही.

माझा चेहरा बघून ती बाई बिचारी कळवळली. म्हणाली, "पण तुम्ही दोनदा नाही म्हणालात. मी काय तुमच्या पाया पडायला हवं होतं?"

मी म्हणालो, "नाही, नाही. पाया नाही. फक्त अजून एकदा."

तिला काही कळलं नाही. त्यांच्याकडे म्हणे एकदाच विचारतात, आणि तेही ताट वाढून झाल्यावर.

घरी येऊन आर्डिसला सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे." ताई, तू इथून जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे बाई 'ठीक आहे' म्हणते त्याचा अर्थ तू विसरली नसशील. आदळआपट केली असती तर मी आनंदाने ऐकून घेतली असती. तिने तो पत्रा मोरीत नेला आणि धुतला. स्वच्छच होता, तरी धुतला.

मग मी चूक निस्तरायला शहरातल्या मोठ्या विक्री-मैदानावर गेलो. तिथे नवी कोरी घरं रांगेने उभी आहेत. आतमध्ये खोट्या लाकडांची विजेची शेकोटी, छताला रंगीत दिवे आणि डिंकाचा असा वास की डोळे चुरचुरतात. एका घरात जरा भिंतीला टेकलो तर ती माझ्याबरोबर मागे आली. खण ओढला तर मूठ हातात आली. विक्रेता बघत होता, त्याला वाईट वाटेल म्हणून मी ती खिशात टाकली, आणि ती अजून माझ्याकडेच आहे. इथे उडी मारायचा प्रश्नच नव्हता. विचारण्याच्या बाबतीत मात्र त्या पोराने कसर ठेवली नाही. अर्ध्या तासात इतक्यांदा 'मग घेताय ना?' म्हणाला की नेमक्या कुठल्या खेपेला हो म्हणायचं ते माझं मलाच कळेनासं झालं. हात हलवत परत आलो. चांगलं घर बघून झाल्यावर तकलादू घर घेववत नाही, आणि इतकं चांगलं पुन्हा आपल्या बेताचं मिळेल अशी आशा नाही.

तेव्हा ठरलं. फेब्रुवारीत आठवडाभर विमानाने जायचं, सॉल्व्हेगच्या बैठकीतल्या घडीच्या सोफ्यावर झोपायचं. आर्डिस म्हणते, आठवडा तर आठवडा. तो जोड अजून हौद्यात आहे. त्याच्यामुळे लाकडं नीट रचता येत नाहीत आणि आर्डिसला वाणसामानाच्या पिशव्या त्याच्या भोवतीने लावाव्या लागतात. गावात कुणी काही विचारत नाही. फक्त जाता जाता हौद्यात बघून 'बरं आहे ना?' म्हणतात आणि मी 'बरं आहे' म्हणतो. मला फार वाईट वाटतं, ताई. पण ते एक सोडलं तर आम्ही समाधानात आहोत.

भावजींना आणि मुलांना नमस्कार-आशीर्वाद, ज्याला जो योग्य तो.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्व्हल

ता. क. आर्डिसने वाचलं. म्हणाली, "छान लिहिलंयस, शेवटचं जरा जास्त झालं." तिने तुझ्यासाठी विणलेले मोजे वेगळ्या पुडक्यातून येतील. गुडघ्यापर्यंत चढव.

ता. क. २. हे पोस्टात उभा राहून लिहितोय, दोरीने बांधलेल्या इथल्या पेनाने, म्हणून अक्षराकडे बघू नकोस. आर्डिस चर्चच्या तळघरात शिवणाला गेली आहे. आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, आर्डिसच्या कानाशी असतो हे तुला माहीत आहे, म्हणून हे पत्रातच लिहिणं भाग आहे. त्या आयोवाच्या हूकस्ट्राचा फोन आला होता. त्याच्या पिकअपला ते घर झेपत नाही. मान टेकवली की गाडी मागून बसते, कुत्रं बसतं तशी. डेल्फीनने त्याला माझा नंबर दिला. म्हणाला, घेतलं त्याच किमतीत देतो, हवंय का? आर्डिस बाहेर कपडे वाळत घालत होती. ताई, मी म्हणालो, छे छे, राहू द्या तुमच्याकडेच.

ता. क. ३. परवा त्याचा फोन पुन्हा आला. पुन्हा तेच म्हणालो. तोंड उघडलं की आपोआप तेच बाहेर पडतं, त्याला मी काय करू? फोन ठेवला आणि घाम फुटला, कारण हा माणूस टोपी काढायच्या आत 'घेतो' म्हणणाऱ्यांतला, तो तिसऱ्यांदा काय विचारणार. म्हणून त्याला कार्ड टाकलं. कार्डावर 'हो' लिहायला बसलो तर तेही लिहवेना. लिहिलं की माझी मोठी बहीण न्यूयॉर्कला असते, असले व्यवहार तीच बघते, येत्या रविवारनंतर तिला फोन करावा. खाली तुझा नंबर दिला. रागावू नकोस. तू भावजींच्या घरात इतकी वर्षं काढलीस, तिथे विचारायच्या आधीच हो म्हणतात. त्याचा फोन आला की तू फक्त हो म्हण. हवापाण्याच्या गप्पा नकोत, आभार नकोत. हो म्हणायचं आणि फोन ठेवायचा. बाकी मी बघतो.

ता. क. ४. आणि त्याचा फोन आलाच नाही, तर यातलं काही आर्डिसला कळू देऊ नकोस. ती एकदा 'ठीक आहे' म्हणाली ते मी ऐकलं. पुन्हा मला ऐकवणार नाही.