एका लग्नपत्रिकेत सात मामा

कमलनगर, ९ एप्रिल २००६

श्री. मल्लेशअण्णा यांच्या सेवेशी, तुमचा दाजी नागनाथ याचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत (तुमची बहीण तीन दिवस माझ्याशी बोलत नाही, ते सोडून). बेंगळूरची हवा तुम्हाला मानवत असेल. पत्र लिहिण्याचं कारण मनीषाचं लग्न नाही. तुम्ही लग्नाला या किंवा न या, तुमची मर्जी. कारण आहे तुम्ही दिवाळीत दिलेली, पत्रिका मांडायच्या प्रोग्रामची सीडी.

अण्णा, बारा वर्षं मी बस स्टँडसमोर पत्रिका करतो. आजवरची पद्धत अशी, की गिऱ्हाईक शेजारी बसतं, मी त्याच्या काकाचं नाव माउसनं धरतो आणि ते ‘बस्स’ म्हणेपर्यंत मोठं करतो. तुम्ही हसलात. म्हणालात, दाजी, अक्षरं ओढत बसू नका. माणूस कोण आहे तेवढं लिहा, मामा की आत्या की स्नेही. कुणाला कुठं नि केवढं मांडायचं ते यंत्र बघेल. मला पटलं. म्हटलं, पोरीच्या पत्रिकेपासूनच सुरुवात करू. तुम्ही ठरवून दिलेल्या साच्यात मामांना ठळक अक्षर आणि चौकट. स्नेही तळाला, मुंगीएवढे.

इथवर झकास. मग सोसायटीचे चेअरमन सिद्धलिंगप्पा दुकानात आले (मंडप त्यांचा, जनरेटर त्यांचा). पडद्याला नाक लावून म्हणाले, “आमी स्नेही? अन् तळाला कामून? चष्मा लावून बी दिसंना की!” जुन्या पद्धतीत मी त्यांना दोन मिनिटांत फुगवलं असतं. तुमच्या पद्धतीत नाव मोठं करायचं तर माणूसच बदलावा लागतो. म्हणून मी त्यांच्यापुढं ‘मामा’ लिहिलं. फक्त अक्षरापुरतं! हे कळल्यावर गुरुपादय्या आले, मग आणखी चार. नाही कुणाला म्हणणार?

छापल्यावर कसं दिसेल ते बघायची वेगळी कळ आहे. ती मी दाबली नाही. उदगीरची बस सुटत होती, तिथल्या छापखान्यासाठी पत्रिकेची सीडी कंडक्टरच्या हातात दिली. पाचशे पत्रिका आल्या त्या चौकटीसकट: ‘वधूचे मामा’, खाली सात नावं, यंत्रानं वर्णक्रमानं लावलेली. तुम्ही पाचवे. ज्यांच्यासाठी हा उपद्व्याप केला ते चेअरमन सातवे, म्हणून तेही फुगले आहेत. तरी अंतरपाटाच्या वेळी पोरीच्या पाठीमागं उभारायला त्यांनी नवा सफारी शिवायला टाकलाय. बाकीचे पाचही तयारीत आहेत. खरा मामा तेवढा फोनवर बहिणीला म्हणाला, “सहा हायत की तुमाला. माझं काय काम?”

तुमची पद्धत खोटी नाही, अण्णा. ती विचारते, हा माणूस तुमचा कोण? कमलनगरात याचं खरं उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही. चूक माझी आहे.

तुमचा,
नागनाथ

ता.क. सीडीची तक्रार मागं घेतो. तुम्ही २३ तारखेला लग्नाला या. दोन दिवस आधी या. मी हात जोडतो.

ता.क. २. सोबत नवी पत्रिका आहे. ही जुन्या पद्धतीनं केली नाही आणि नव्याही नाही. कात्री आणि डिंक. चौकटीत एकच नाव ठेवलंय. अशी एकच प्रत आहे, चेअरमनना दाखवू नका.

ता.क. ३. मनीषा मागं उभी राहून हे वाचतेय. म्हणते, “मामाला लिवा, पाठीमागं कुणीच न्हाई उभारलं तरी चालंल. पन दुसरं कुणी उभारलं तर म्या पाटावरनं उठून जाईन.” बिदरच्या स्टँडवर जीप घेऊन थांबतो.