तोंडी सांगितलेलं

सोमवार, ४ मार्च २०१३
आजपासून आपापसातल्या ई-मेल बंद! जे काय म्हणायचं ते ‘कट्ट्या’वर, सगळ्यांना दिसेल असं. कंपनीच्या या नव्या सॉफ्टवेअरला कट्टा हे नाव मीच सुचवलं आणि त्याची देखरेखही माझ्याच गळ्यात पडली. सुचवणाऱ्याचं असंच होतं.

रावसाहेबांनी – आमच्या डायरेक्टरांनी – भाषण केलं. ‘पारदर्शकता’ हा शब्द इतक्यांदा आला की चहा निवला. स्वतः मात्र ते कधीच काही लिहून देत नाहीत. चालता चालता खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, “जरा बघून घ्या.” अंगाशी आलं की त्यांनी काही म्हटलेलंच नसतं. हे थांबावं म्हणून तर मी या कट्ट्यामागे एवढी लागले होते.

बुधवार, ६ मार्च
वाघोलीच्या प्लांटवर ट्रेनिंग. ब्रेकच्या नळ्या तपासणारे नियाजभाई पहिल्या रांगेत. त्यांनी विचारलं, “ताई, तोंडी सांगितलेलंसुद्धा इथे लिहायचं का?”
“तेच तर लिहायचं!” मी ठासून सांगितलं.
डिस्पॅचचे वैजनाथ मागून म्हणाले, “मला काही लिहिता-बिहिता येत नाही बुवा. मी आपला अंगठा देत जाईन!” सगळे हसले. लाइकच्या त्या अंगठ्याबद्दल बोलत होते.

शनिवार, ९ मार्च
कट्ट्यावर रावसाहेबांचा सुविचार. खाली अंगठेच अंगठे. पहिला वैजनाथांचा!

बुधवार, १३ मार्च
नियाजभाईंनी लिहिलं. जसंच्या तसं उतरवते –
“मिनीबसच्या नळ्यांचा लॉट दाबाची चाचणी पूर्ण न करता सोडा, असं रावसाहेबांनी सकाळी तोंडी सांगितलं. चाचणीत काही नळ्या फुटल्या आहेत. लॉट लाल लेबल लावून थांबवला आहे. सोडायचा असल्यास लेखी मिळावं.”

कोणी कोणी वाचलं त्यांची नावं खाली दिसतात. दुपारपर्यंत जवळजवळ सगळी कंपनी वाचून गेली. पण एक अक्षर नाही. एक अंगठा नाही! कँटीनमध्ये नियाजभाईंच्या टेबलावर कोणी बसलं नाही म्हणे. मीसुद्धा आज डबा जागेवरच खाल्ला. लाज वाटली, तरी उठले नाही.

गुरुवार, १४ मार्च
नियाजभाईंना “थोडे दिवस घरी विश्रांती घ्या” असं सांगण्यात आलं. तेही तोंडीच!
गेटवर भेटले. “ताई, लिहिण्यात माझं काही चुकलं का? तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं.” टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. म्हणून जास्त लागलं.

शुक्रवार, १५ मार्च
रावसाहेब माझ्या टेबलापाशी आले. बायकांच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत, एवढं आहे. “मॅडम, नियाजची ती नोंद काढून टाका. बघून घ्या जरा.” आणि गेले.
नोंद त्यांनाही काढता येते. पण काढणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं – हे मीच त्यांना समजावून सांगितलं होतं! म्हणून माझी आठवण झाली.

घरी यांना सांगितलं. म्हणाले, “पारदर्शक म्हणजे काच गं. आरपार दिसतं, पण डोकं आपटलं की टेंगूळ येतंच.” मग म्हणाले, “नोकरी जाईल तुझी.”
कळतंय मला. भीती वाटते. पण नोंद काढली की नियाजभाई खोटे पडले. रावसाहेब काही म्हणाले होते याला पुरावाच उरणार नाही, आणि मग त्यांना परत कोण बोलावतंय?

शनिवार, १६ मार्च
नियाजभाईंच्या घरी फोन केला. कमरजहांभाभींनी उचलला. “ते तर ड्युटीवर गेलेत ना?”
“हो हो, माझ्याच लक्षात नाही राहिलं,” म्हटलं आणि ठेवला. घरी सांगितलेलंच नाही! डबा घेऊन निघतात आणि दिवसभर बसतात कुठे हा माणूस?

येताना येरवड्याच्या सिग्नलला शेजारी शाळेची मिनीबस. मुलं खिडकीतून जीभ काढून दाखवत होती. मीही दाखवली. मनात आलं – लॉट थांबलाय. नियाजभाईंनी तेवढं तरी केलं.

रविवार, १७ मार्च
दिवसभर कशात लक्ष नाही. आमटी दोनदा खारट केली. यांनी भातात दही कालवलं.

सोमवार, १८ मार्च
लिहिलं!
“नियाज यांची नोंद काढून टाका, असं रावसाहेबांनी मला शुक्रवारी तोंडी सांगितलं. मी काढलेली नाही. काढायची असल्यास लेखी मिळावं.”

वाचणाऱ्यांची नावं यायला लागली. रावसाहेबांचंही आलं. बोलावणं नाही, फोन नाही. वैजनाथांनी वाचलं – आणि आज त्यांचासुद्धा अंगठा नाही. संध्याकाळी ड्रॉवरमधलं माझं सामान पिशवीत भरून घरी आणलं. यांनी पिशवी पाहिली आणि चहा टाकला.

मंगळवार, १९ मार्च
कट्ट्यावर माझ्या नोंदीखाली वैजनाथांनी लिहिलंय. पहिल्यांदाच.
“नियाज घरी गेले त्याच संध्याकाळी लाल लेबलं काढून लॉट रवाना झाला. गाडी मी भरली. मला तोंडी सांगितलं होतं.”