पेटीतले पाउंड

बाबा, आज आईनं पुन्हा तुमचं कौतुक केलं आणि माझं डोकं फिरलं. शेजारीण आईच्या खुब्याच्या ऑपरेशनाचं विचारत होती, तर ही ओसरीत बसून सांगते, "याच्या बाबानं ठेवलेल्या पाउंडानं माहा पाय उभा झाला, माय." मी तिथंच होतो. दात-ओठ खात आत निघून गेलो.

तुम्ही झांबियात गणित शिकवलं. देश नुकताच स्वतंत्र झालेला. त्यांनी इंग्रजांच्या वेळचा पाउंड टाकून स्वतःचा छापला, पाखरू असलेला. तुम्ही त्या नोटा पेटीत भरून सालेकशाला घरी आणल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी तोही पाउंड मोडीत काढून क्वाचा आणला. तिथल्या सोबत्यानं कळवलं होतं, नोटा पाठवा, एका पाउंडाला दोन क्वाचे मिळतात, मुदत संपत आली. आणि तुम्ही, गणिताचे मास्तर, आईला काय म्हणालात? "आपला आणा गेला, तरी जुनी चवली-पावली बाजारात चालूनच राहिली न? घाई कायले?" अहो, तो काय आमगावचा बाजार होता?

पुढे तुम्ही मला नागपूरच्या बँकेत नेलं होतं. साहेबानं इंग्रजीत काहीतरी सांगून नकारार्थी मान हलवली, मला काही कळलं नाही. तुम्ही मला संत्री घेऊन दिली आणि घरी येऊन आईला सांगितलं, "राहू दे पेटीत, भाव चढून राहिला." चूक कोणाचीही होते. ती मी कधीच सोडून दिली असती. पण तिला आयुष्यभर त्या पेटीच्या भरवशावर ठेवलंत, त्याचं काय? जन्मभर तिनं एक बरं लुगडं घेतलं नाही, कधी काही मागितलं नाही. का, तर पेटीत पाउंड आहेत.

ती पडली तेव्हा तुम्हाला जाऊन वर्षं लोटली होती. खाटेवरून मलाच धीर देत होती, "काऊन घाबरून राहिला? पेटी आहे न!" मी पेटी घेऊन गोंदियाच्या बँकेत गेलो. काउंटरवरचा हसला, "ये तो कब का बंद हो गया, भैया." मी तसाच उठलो आणि माझी नहराखालची धानाची बांधी विकली.

घरी आलो तर तिनं विचारलं, "पैसे भेटले?" मी हो म्हटलं. बाबा, तिचा चेहरा असा फुलला! मी रागावलो आहे, ते खरंच आहे. पण त्याहून जास्त मला तुमचा हेवा वाटतो. शेत माझं गेलं, आणि तिनं हात जोडले ते तुमच्या फोटोला.