हत्तीच्या कपाळावरचे तीन पट्टे

॥ श्री ॥
वारणानगर, २२ सप्टेंबर १९९८

ती. आक्कास,
शिवशरणचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कॉलनीतल्या माझ्या खोलीचं छत गळतंय, म्हणून जुन्या चित्रांच्या पुस्तकांची ट्रंक गडमुडशिंगीला तुझ्याकडं पाठवलीय. एवढा बाप्या माणूस आणि पोरांची पुस्तकं गोळा करतोय म्हणून दाजी हसतील, हसू देत. पण वरच्या हत्तीच्या पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही. पहिली आवृत्ती आहे ती, कोल्हापुरात केरबा रद्दीवाल्याकडं घावली. ११ ऑक्टोबरला पुण्याचे ओगले तुझ्या घरी येऊन ते नेणार आणि बदल्यात त्याच मालेतली दोन पुस्तकं देणार. ती मिळाली की माझा संच पुरा! पहिल्या पानावर हत्तीच्या कपाळावर ओल लागून तीन फिकट पट्टे पडलेत, तेवढं चालेल म्हणालेत. आणखी एक डाग दिसला तर सौदा मोडला. कारखान्याचा सीझन तोंडावर आलाय, रजा नाही. सांभाळ.

तुझा,
शिवशरण

गडमुडशिंगी, २ ऑक्टोबर

चि. शिवशरण यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. खंडेनवमीला घरातली वह्यापुस्तकं पाटावर मांडली. तुझीच तेवढी ट्रंकेत कोंडून ठेवायला जीव होईना. असलं हत्तीचं पुस्तक ल्हानपणी आपल्याकडंबी हुतं, म्हणून ते सगळ्यात वर मांडलं आणि आपल्या रीतीनं तीन ओल्या बोटांनी भस्म ओढलं. सूनबाई शांभवी नको नको म्हणत हुती, मीच ऐकलं न्हाय. मग पुसाय गेले, तर पुठ्ठ्याचा रंगच फडक्याला आला की रं! काय करू ते कळव. शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझी आक्का

वारणानगर, ५ ऑक्टोबर

ती. आक्कास नमस्कार.

काय करून बसलीस हे! एवढं बजावलं होतं, तरी तुझं तेच खरं. भस्म देवाला लाव, माझ्या पुस्तकाला कशाला? आता ओगल्यांना काय तोंड दाखवू? फडकं लांब ठेव. आतल्या पानांना काही लागलंय का, तेवढं बघून उलट टपाली कळव. आत धड असलं तर त्यांच्या हातापाया पडतो.

रागात लिहिलंय, पण नमस्कार खरा.
शिवशरण

गडमुडशिंगी, ७ ऑक्टोबर

चि. शिवशरण यास आशीर्वाद.

आत मी काय लावलेलं न्हाय. पण शिवशरण, ते तीन पट्टे ओलीचे न्हाईत रं. नीट बघ, मधला पट्टा तुटक हाय. आपल्या अप्पांचं मधलं बोट गुऱ्हाळाच्या चरकात पेरभर गेलं हुतं. भस्म ओढताना ते नीट टेकायचं न्हाय. माझ्या कपाळावर, तुझ्या कपाळावर, असाच तुटका पट्टा उमटायचा. तुला कुठलं आठवणार, ते गेले तवा तू रांगत हुतास. पोरगा झाला म्हणून तुझ्या बारशाला त्यांनीच हे आणलं आणि पयला मान हत्तीला म्हणून त्याच्या कपाळाला भस्म लावलं. पुढं घर बदलताना रद्दीत गेलं. तू मिळवलंस ते आपलंच हाय! ओगल्यांचं काय करायचं ते तू ठरव, मी मधी पडत न्हाय.

राग गेला असंल तर माया ठेव.
आक्का

वारणानगर, ९ ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

ऑफिसातनं ओगल्यांना फोन केला. पुस्तक पार खराब झालंय, देण्याच्या लायकीचं राहिलं नाही, येऊ नका म्हणालो. ते भयंकर चिडले. ती दोन पुस्तकं आता मला मिळायची नाहीत, न मिळू देत.

आक्का, अप्पांचा एक फोटोसुद्धा नाही गं आपल्याकडं. रजा मिळो न मिळो, रविवारी येतोय. भस्म तयार ठेव. माझ्या कपाळाला लाव, मधलं बोट जरा उचलून.

तुझा धाकटा,
शिवशरण