सासऱ्यांचं वल्हं

रविवार, संध्याकाळ. सारसोळे कोळीवाडा.

जवळच्या स्टेडियममधल्या शोसाठी आमच्या होमस्टेत मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनी आज अंगणात कोंबडी भाजायला सासऱ्यांचं वल्हं तोडून जाळलं. सासरे गेले, तरी नारळी पुनवेला आम्ही त्याचीच पूजा करतो.

"लाकडाचे बिलात लावा ना, ताई," त्यातला एक हसला.

सासूबाईंनी जळका तुकडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. "मना पन जाळ आता!" दात पडला त्याचा.

नवरा बर्फ घेऊन धावला. "सॉरी सर, रिव्ह्यूत लिहू नका प्लीज." नवऱ्याचंच तोंड फोडावंसं वाटलं मला.

वल्ह्याच्या तुकड्यावरचा रक्ताचा डाग घासणार होते. नाही घासला. तुकडा दाराशी उभा केलाय. येत्या शनिवारचे पाहुणे तिथूनच आत येतील.